काढेकाका

काढेकाकांचं आडनाव काढे नाही. पण परभणीहून आलेल्या एका मुलाने पहिलं भाडं ऑनलाइन पाठवताना मोबाइलमध्ये त्यांचा नंबर 'काढे काका' या नावाने सेव्ह केला, आणि त्याच आठवड्यात पत्ता विचारत आलेल्या गॅसवाल्याला 'काढे ना? दुसरा मजला, डावीकडे' असं ठणकावून सांगितलं. गॅसवाल्याने वर जाऊन 'काढे, सिलिंडर!' अशी हाळी दिली. काकांनी दार उघडून सिलिंडर घेतला, पण नाव काही दुरुस्त केलं नाही. मला वाटतं, त्यांना ती पदवीच वाटली.

काका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या शेजारी-शेजारी दोन जागा आहेत. एकीत ते आणि काकू राहतात, दुसरीत सहा खाटा टाकून स्पर्धा परीक्षेची मुलं ठेवतात. पेठेत याला 'कॉट बेसिस' म्हणतात. कोणी गंगाखेडचा, कोणी जतचा, कोणी सिल्लोडचा. दिवसभर अभ्यासिकेत, खोलीवर फक्त आंघोळीपुरती आणि झोपेपुरती. इतर घरमालक भाडं घेतात, पाणी सोडतात आणि गप्प बसतात. काकांनी मात्र या सहा जणांची प्रतिकारशक्ती आणि मनोधैर्य या दोन खात्यांचा अतिरिक्त कार्यभार विनावेतन स्वीकारला आहे.

या कार्यभाराचा आदेश निघाला 2020 साली. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा, सकाळी 10 ग्रॅम च्यवनप्राश, 150 मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद. सरकारी कागद आणि त्यात ग्रॅम-मिलिलिटर! लेखा विभागात हयात घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं? बाकीच्यांनी तो काढा दोन-तीन महिने घेतला आणि अंगाशी आल्यावर सोडला. काकांनी त्याला पुरवणी मागण्या जोडल्या. गुळवेल आली, ओवा आला, अडुळसा आला, लवंग आली. थंडीच्या सुमाराला जायफळ आलं, आणि त्या दिवशी सहाच्या सहा मुलं अभ्यासिकेत टेबलावर डोकं टेकून झोपली. 'शांत झोप लागली ना? हेच काम आहे त्याचं,' काका म्हणाले.

वाल्डेमार हाफकिन यांनी 1897 साली मुंबईत प्लेगची लस तयार केली, तेव्हा ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. काकांची पद्धत वेगळी आहे. त्यांना आम्लपित्ताचा त्रास असल्यामुळे ते स्वतः काढा घेत नाहीत.

काकांचं खरं वैभव म्हणजे त्यांची नोंदवही. लांबोडकी, लाल कापडी पाठीची, प्रत्येक पानाला क्रमांक घातलेली. रकाने पट्टीने आखलेले: नाव, तालुका, झोप (तास), पाणी (पेले), पोट (साफ / अंशतः / नाही), काढा, नमस्कार, मनोधैर्य (10 पैकी), शेरा. रोज बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने भरायची आणि रविवारी काका ती तपासून हिरव्या शाईने सही करणार. हिरवी शाई हा राजपत्रित अधिकाऱ्याचा मान. नोकरीत काका तिथवर पोचले नाहीत, निवृत्तीनंतर पोचले.

मुलं फॉर्म भरण्यात तरबेज. पाणी सगळ्यांचं आठ पेले. मनोधैर्य सगळ्यांचं सात. आठ लिहिलं तर काका इतरांपुढे चार शब्द बोलायला लावतात, सहा लिहिलं तर स्वतः चारशे शब्द ऐकवतात. सात सुरक्षित आहे, हे जतच्या मुलाने मागच्या दोन महिन्यांच्या नोंदींचं विश्लेषण करून काढलं होतं. सगळ्यांत प्रामाणिक रकाना पोटाचा. मेसच्या पोळ्या, आलटून-पालटून बटाटा, अमृततुल्यचे पाच चहा आणि बारा तास खुर्ची यांच्यापुढे माणसाला खोटं बोलता येत नाही. मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी. मग रात्री वडापाव नाहीतर मॅगी. त्यामुळे सोमवारच्या रकान्यात 'अंशतः'चं कायम बहुमत. एकदा काकांनी शेरा मारला, 'सोमवारचा अहवाल समाधानकारक नाही. खुलासा सादर करावा.' सिल्लोडच्या मुलाने खाली खुलासा सादर केला, 'मेस.'

मनोधैर्य खातं पहाटे पाचला उघडायचं. दारावर तीन थापा, मग ट्यूबलाइट, मग प्रेरणादायी निवेदन. रात्री दीड-दोनपर्यंत राज्यघटना वाचून नुकती पाठ टेकलेली ती पोरं चादरीतून डोकं बाहेर काढून ऐकत राहायची. निवेदनाचा मजकूर साधारण ठरलेला. आमच्या वेळी काय होतं, आम्ही रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. एकदा पलीकडच्या स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, 'कुठल्या दिव्याखाली हो? नाना पेठेत तुमच्या घरी वीज होती की. मीटर अजून सासूबाईंच्या नावावर आहे.' त्या दिवशीचं निवेदन तिथेच आटोपलं.

निवेदनानंतर सूर्यनमस्कार. यात काकांचं घराणं आहे. त्यांचे वडील औंध संस्थानात शिकले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा हयातभर प्रसार केला. स्वतः रोज घातले, संस्थानातल्या शाळांत सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं. राजा स्वतः नमस्कार घालायचा, म्हणून प्रजा घालायची. काकांचे गुडघे मात्र निवृत्तीच्या आधीच निवृत्त झालेत, त्यामुळे ते खुर्चीत बसून मोजतात. मोजणी कडक. कपाळ टेकलं नाही तर तो नमस्कार 'आक्षेपाधीन', आणि आक्षेपाची पूर्तता झाल्याशिवाय चहा नाही.

आता, मी राहतो पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या खोलीखाली. सहा तरुण मुलं सव्वापाचला एकदम अष्टांगावर आली की माझ्या छताचा चुना चहात पडतो. एक दिवस मी वर गेलो. तक्रारच करायला गेलो होतो, पण नुसती तक्रार काका दप्तरी दाखल करून टाकतात हे माहीत होतं, म्हणून सोबत शास्त्र घेऊन गेलो. म्हटलं, 'काका, अमेरिकेतल्या संशोधकांनी 164 धडधाकट माणसांची झोप आठवडाभर मोजली, मग त्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले आणि सगळ्यांना हॉटेलात ठेवून लक्ष ठेवलं. 2015 साली छापून आलंय. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीच्या वर निघाली. तुम्ही यांना तीन तास झोपू देता आणि वर काढा पाजता.'

काका विचारात पडले. 'नाकात सोडले?'

'थेंब घातले.'

'आणि हॉटेलचा खर्च कोणी केला?'

लेखा विभाग माणसातून जात नाही. मी आणखी एक हुकमी पान टाकलं. 'अहो, सरकारनेच 2024 साली चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच.' काका शांतपणे म्हणाले, 'चौथीपर्यंत. ही पदवीधर आहेत.'

शेवटी छताच्या चुन्याचा मुद्दा चालला. दुरुस्तीचा खर्च कोणाकडे लागेल हा प्रश्न मी काढला आणि नमस्कार त्याच आठवड्यात साडेसहावर गेले.

काका हा एकटादुकटा नमुना आहे असं समजू नका. कोथरूडच्या सोसायटीत हाच माणूस येता-जाता तरुणांच्या हातावर आवळ्याच्या फोडी ठेवतो. ठाण्यात तो भाच्याला रोज रात्री विचारतो, 'दहा हजार झाली का रे पावलं?' या दहा हजारांमागे कोणा वैद्याचा सल्ला नाही. जपानमध्ये 1965 साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा दुकानातून आला आणि ठाण्याच्या मामांपर्यंत पोचला. परदेशी गेलेला नमुना व्हिडिओ कॉलवर नातवाला व्हिटॅमिन सीचं महत्त्व सांगतो. एरवी चारचौघांसारखं जगणाऱ्याची सर्दी व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी टळत नाही, नियमित घेतल्या तर फार तर थोडी लवकर आवरते. पण हे नातवाने सांगायचं नसतं. या सगळ्यांचं एक सारखं असतं. मुलांच्या तब्येतीची त्यांना खरोखर काळजी असते, आणि ती काळजी मोजता येईल अशाच गोष्टींना चिकटते. चमचे, पेले, पावलं, दिवस.

दिवसांवरून आठवलं. मध्यंतरी काकांच्या व्हॉट्सअॅपवर आलं की कोणतीही सवय 21 दिवसांत लागते. लगेच दारामागे 21 चौकोनांचा तक्ता लागला. मोबाइल बंद, गोड बंद, चहा एकच. नवव्या चौकोनाला गंगाखेडच्या मुलाच्या बहिणीचं लग्न आलं आणि तक्ता बुंदीत बुडाला. काका खचले. मी त्यांना सांगायला गेलो की हा 21 चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून निघालाय. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे लोकांनी 'किमान' गाळलं आणि चेहराही गाळला. लंडनमध्ये 96 जणांवर नीट अभ्यास झाला तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 पर्यंत. मधे एखादा दिवस चुकला तरी काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

'दोनशे चोपन्न!' काका दचकले. 'तेवढ्यात तर पूर्वपरीक्षा होऊन जाईल.'

पलंगावरून जतचा मुलगा म्हणाला, 'नाही होणार काका.'

त्या वाक्यात त्या खोलीची सगळी व्यथा होती. या मुलांचं मनोधैर्य खचतं ते आळसामुळे नव्हे, तारखांमुळे. 2021 साली 14 मार्चची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तोंडावर असताना पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि 11 मार्चला शास्त्री रोडवर हजारो मुलं उतरली. मग आयोगाने 21 तारीख दिली. 11 मार्चच्या संध्याकाळी आमचे काका दोन मास्क लावून, हातात पाच लिटरचा थर्मास घेऊन गर्दीत शिरले. 'घोषणा द्या, पण घसा सांभाळा' हे त्यांचं म्हणणं. प्रत्येकाला अर्धा-अर्धा पेला देत आणि 'दोन हात अंतर, दोन हात अंतर' म्हणत ते पार पुढपर्यंत पोचले, तेव्हा बंदोबस्तावरच्या एका हवालदाराने दोन पेले घेतले आणि रेसिपी विचारली. काकांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सत्कार. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत मनोधैर्याच्या रकान्यात पाच जणांनी शून्य लिहिलं होतं. सहाव्याने लिहिलं होतं, 'आयोगास विचारावे.' काकांनी त्या पानावर शेरा मारला नाही. नुसती सही केली.

त्याच वर्षी काढ्यावर पहिला गंभीर लेखाआक्षेप आला. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली दिसली. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला, बातम्या आल्या. काकांनी पेपर वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. सहा! त्यांच्या खोलीतही सहाच. पुढचे दोन तास ते मुलांच्या डोळ्यांत पिवळेपणा शोधत होते. दुपारी ते गंभीर चेहऱ्याने स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, 'आजपासून गुळवेल बंद करायची.'

काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'मागच्या श्रावणातच बंद केली.'

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुळवेल तर बंद होतीच, अडुळसाही कधीचा बंद होता. मिरी नावाला. गेले कित्येक महिने काकू रोज सकाळी गवती चहा, आल्याचा तुकडा आणि गुळाचा खडा घालून पाणी उकळत होत्या, आणि रंग यावा म्हणून वर चिमूटभर हळद. 'पोरं उपाशीपोटी जातात. निदान गूळ तरी पोटात जाऊ दे,' एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. काकांनी थोडा वेळ विचार केला आणि नोंदवहीत लाल शाईने लिहिलं, 'काढा: सुधारित आवृत्ती, दि. 1 पासून लागू.' मुलांना याचा पत्ता नाही. जुन्या काढ्याचा एकच परिणाम मी स्वतः पाहिलेला आहे. मुलं तो मोरीत ओतायची, तेव्हा खालच्या मजल्यांवरची झुरळं गेली होती. आवृत्ती सुधारल्यापासून ती परत आली.

काकूंचा या दोन्ही खात्यांशी अधिकृत संबंध काही नाही. नोंदवहीत त्यांची सही नाही. पण तिसऱ्या मजल्यावर मंगळवेढ्याची एक मुलगी मैत्रिणींबरोबर राहते, तिची गोष्ट सांगायला हवी. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबायची. डोकं दुखायचं, वाचलेलं लक्षात राहायचं नाही. काकांनी निदान केलं, 'इच्छाशक्ती कमी पडतेय,' आणि तिला वाचायला एका यशस्वी अधिकाऱ्याचं आत्मचरित्र दिलं. तिने ते वाचलं, आणि मग इच्छाशक्तीबरोबर अपराधीपणाही आला. एक दिवस काकूंनी तिला जिन्यातच धरलं, खिडकीच्या उजेडात नेलं, खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली आणि म्हणाल्या, 'चल.' दोघी महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास निघालं.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे शंभर मुलींच्या वर्गात एकोणसाठ जणींना आपण 'जिद्द ठेव' म्हणून सांगतो, आणि त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायलाच पुरेसं काही नसतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. काकूंनी दवाखान्यात ऐकलेली दोन कलमं घरी येऊन कडक लावली. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. आणि ताटात लिंबाची फोड, कारण लिंबाने ते लागतं. सोबत आठवड्यातून तीनदा मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीतून वर जायला लागली. काही महिन्यांनी पोरगी न थांबता जिना चढू लागली. काकांनी नोंदवहीत लिहिलं, 'बाह्य रुग्ण: 1. पुस्तकाने गुण.'

काकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की लशीच्या बाबतीत माणूस पक्का आहे. कोविडच्या लशीचं प्रत्येक प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय. पुण्यात राहून लशीला नावं ठेवणं म्हणजे कोल्हापुरात राहून तिखट नको म्हणण्यासारखं, असं ते म्हणतात. गंगाखेडच्या मुलाच्या पायात पोलिस भरतीचा सराव करताना गंजका खिळा घुसला, तेव्हा त्यांनी आधी हळद दाबली हे खरं. पण मग विचारलं, 'सोळाव्या वर्षी धनुर्वाताची सुई घेतली होतीस का?' दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती घ्यायची असते हे मुलाला माहीतच नव्हतं. काकांनी गुडघ्यांची तमा न बाळगता त्याला स्कूटरवर मागे बसवलं, दवाखान्यात नेलं, तिथल्या बाकावर त्याच्यासोबत बसून राहिले आणि परत येताना त्याच्या खर्चाने दोघांसाठी उसाचा रस घेतला. पैसे मुलाने दिले, हा तपशील मला मुलाकडूनच कळला.

आता मेन स्विचबद्दल. एका उन्हाळ्यात वीजबिल असं आलं की काकांनी ते तीनदा उलटसुलट करून पाहिलं. सहा पंखे, सहा चार्जर, रात्रभर दिवा. दुसऱ्या दिवसापासून बरोबर अकराला खोलीचा मेन स्विच खाली. पंख्यापुरती वेगळी वायर ओढून घेतली, कारण काकू म्हणाल्या की पोरं उकडून मरतील. मुलांनी पंधरा दिवस शिव्या घातल्या. मोबाइलच्या उजेडात वाचून पाहिलं, पण रात्री चार्जिंग नाही म्हटल्यावर मोबाइलही बाराच्या आत मान टाकायचा. मग करणार काय? झोपली. अकराला दिवा बंद आणि साडेसहाला नमस्कार, म्हणजे सात तासांच्या वर झोप पदरात पडली. वर्षभरात सर्दी-खोकल्याचं खोलीतलं प्रमाण घटलं हे काका स्वतः आकडेवारीने सिद्ध करून दाखवतात, आणि त्याचं श्रेय सुधारित आवृत्तीला देतात. वीजबिलाचा त्यात हात आहे असं मी एकदा सुचवलं. ते रागावले. कंजूषपणाला आरोग्यसेवा म्हटलेलं त्यांना आवडत नाही.

तसंच रविवारच्या क्रिकेटचं. मुलं संध्याकाळी मैदानावर दोन तास घामाघूम होऊन येतात, तेव्हा त्यांच्या अंगात जो आवाज असतो तो आठवडाभर नसतो. पण नोंदवहीत क्रिकेटला रकाना नाही. काकांच्या मते तो व्यायाम नव्हे, वेळेचा अपव्यय. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं हालचाल करायला सांगते. ती धावपळ स्टंपांमध्ये केलेली चालत नाही असं तिने कुठे म्हटलेलं नाही.

पण मी काकांना माफ करतो ते एका दुपारसाठी. निकाल लागला होता. सिल्लोडचा मुलगा, तोच 'मेस' वाला, कट-ऑफच्या अर्ध्या गुणाने राहिला. तिसरी खेप होती. तो खोलीत गेला नाही, जिन्यात बसून राहिला. काकांनी अशा प्रसंगासाठी भाषण तयार ठेवलेलं होतं, मला ते पाठ आहे, त्यात अब्राहम लिंकन येतो. मी दाराच्या फटीतून पाहत होतो. काका खाली उतरले, त्याच्याजवळ उभे राहिले, घसा खाकरला. आणि काहीच आठवेना. चांगली दोन मिनिटं उभे होते. मग म्हणाले, 'मंडईत जायचंय. पिशवी जड होते मला. येतोस?'

ते दोघं चालत मंडईत गेले. कसे गेले, काय बोलले, मला माहीत नाही. परत आले तेव्हा दोघांचं भांडण चाललेलं होतं. मेथीच्या दोन जुड्या तीस रुपयांना घेतल्या म्हणून मुलगा काकांना झापत होता. 'आमच्या सिल्लोडला एवढ्यात पोतं येतं काका, तुम्हाला लेखा विभागात कोणी घेतलं?' काका म्हणत होते, 'अरे, मी नेहमी वीसला घेतो, तू सोबत होतास म्हणून त्याने गिऱ्हाईक नवं समजलं.' मुलगा हसला, नाक पुसलं, पिशवी काकूंकडे दिली. रात्री त्याला काकूंनी पिठलं-भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत त्याचं मनोधैर्य चार होतं. सात नव्हतं, आणि काकांनी चारशे शब्दही ऐकवले नाहीत. पुढच्या वर्षी तो राज्यकर निरीक्षक झाला, पेढे घेऊन आला आणि सत्काराला उत्तर देताना काढ्याचे जाहीर आभार मानले. काकांनी ते वाक्य नोंदवहीच्या पहिल्या पानावर हिरव्या शाईने उतरवून ठेवलंय. मंडईचा उल्लेख नोंदवहीत कुठेच नाही.

तर, जूनपासून काकांकडच्या दोन खाटा रिकाम्या होताहेत. भाडं पेठेच्या मानाने वाजवी, पाणी दोन्ही वेळ, लिफ्ट नाही, मेन स्विच अकराला. आपल्या ओळखीतला कोणी मुलगा तयारीला पुण्यात येणार असेल तर जरूर पाठवा. रोज सकाळी काढा प्यावा लागेल, पण त्यात गवती चहाच असतो. हे त्याला माहीत आहे, असं त्याने काकांना कळू देऊ नये.